सरळ रेषेचं घर

"आलेख सरळ आला म्हणजे गाणं चांगलं झालं का, पप्पा? कानानं ऐका की जरा," दिगू खेकसला.

"शाळा सोडलेल्यानं मला शिकवू नये. आज माणसांची बडबडपण काढून टाकतो, मग बघ," असं म्हणत पप्पांनी बटण दाबलं.

मिरजेतल्या त्यांच्या फ्लॅटच्या नव्या भिंती घरातले आवाज मोजायच्या आणि गाण्याच्या आड येईल तो जागच्या जागी मारायच्या. पंख्याची घरघर, कुकरची शिट्टी कधीच गेली होती. पाहुणे आले की पप्पा चहाआधी भिंतीवरच्या पडद्यावर गाण्याच्या आवाजाचा सरळ रेषेसारखा आलेख दाखवायचे. आता गाणं सुरू झालं, लख्ख आणि थंडगार. पप्पांनी डोळे मिटले.

दिगूचं लक्ष स्वयंपाकघराकडे गेलं. आई छातीवर हात दाबून ओट्याला टेकत खाली घसरत होती. तिचं तोंड हाका मारत होतं, पण एकही हाक बाहेर येत नव्हती.

तो ओरडला. तेही भिंतींनी खाल्लं. त्यानं भिंती बंद करायला बटण दाबलं, तर पडद्यावर अक्षरं आली, "गाणं संपेपर्यंत थांबा."

त्यानं पप्पांना गदागदा हलवून आईकडे बोट दाखवलं. फोनवरचं बोलणंही भिंतींनी खाल्लं असतं, अँब्युलन्सला फोन या घरातून होणार नव्हता. त्याला आता बाहेर निघायलाच हवं होतं.