शेंड्याकडून तोडलेला ऊस

सिरसाळ्यात कोयते विकणाऱ्या गंगासागरबाईंनी सुनेचं, प्रणिताचं, तोंडावर कधी कौतुक केलं नव्हतं. त्या दिवशी, प्रणिता ज्यात सिनेमावर सदर लिहायची त्या साप्ताहिकाचे संपादक दुकानात आले. “काकू, आमच्या पेपरच्या मालकांचा एसटीडी फोन आलता. त्यांच्या पक्षानं डोक्यावर घेतलेला सिनेमा प्रणितानं खोटा ठरवला. पुण्याचे समीक्षक म्हणतात, कष्टकऱ्यांचा खरा सिनेमा हाच, व्यापाऱ्याची सून उलटंच लिहिणार. माफी लिहा, न्हाईतर हिचं सदर बंद.” बाईंनी सुनेकडं पाहिलं. “काय खोटं दिसलं गं?” “आत्याबाई, सिनेमातली हिरोईन उभ्यानं शेंड्याकडून ऊस तोडती.” बाईंनी खुंटीवरचा कोयता काढून संपादकांच्या हातात दिला. “तुमच्या आईनं बारा हंगाम ऊस तोडला. कसा तोडायची?” संपादकांनी कोयत्याकडं बघत सांगितलं, “वाकून. बुडातून.” “मग ह्यात पक्ष कुठून आला? माफी मिळायची न्हाई. आन् पुढल्या अंकात हिचं नाव जरा मोठ्या अक्षरात छापा, मला वाचायचं हाय.”