जाळं पाण्यात असताना

गस्तीनौकेवरून भोंगा कडाडला, "इंजीन बंद करा! नव्या कायद्यानं न थांबणारी होडी जप्त होते!" आवाज धाकट्या भावाचाच होता. मासेमारीच्या होडीवर उभ्या थोरल्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. जाळं पाण्यात असताना होडी थांबवली, तर ते इंजिनाच्या पंख्यात गुंततं, हे याच होडीवर वाढलेल्या धाकट्याला ठाऊक नव्हतं थोडंच! "धाकल्या, जाळं ओढेपर्यंत तरी दम धर!" "कायद्यात जाळ्याचा उल्लेख नाही, दादा. नुसतं 'थांबा' लिहिलंय." "मग कायदा लिहिणाऱ्यांना समुद्र दाखव की!" उत्तरादाखल गस्तीनौकेवरच्या बंदुकीची नळी होडीकडे वळली. होडी गेली तर घरच बुडणार होतं. थोरल्यानं सुरा उचलून जाळ्याचा दोर कापला. जाळं पदर ढळावा तसं हळूच तळाला गेलं. मग इंजीन थांबलं. धाकटा झडतीला होडीवर चढला. थोरल्यानं कापलेला दोर त्याच्या हातात दिला. "घ्या साहेब, वडिलांच्या जाळ्यातला तुमचा वाटा."