पाळण्याची जागा

भाड्याच्या ओलसर खोलीत लेकीची छाती सारखी भरायची, म्हणून आम्ही विकत घर शोधत होतो. भिसेगावातलं हे घर विकायला काढण्याआधी मालकाने, अनुपमने, आतून रंगवून घेतलं होतं. ओट्याचा फुटका कडप्पा मात्र तसाच. खर्च केला तो फक्त रंगावरच का, हे मला खुपत होतं.

"नवा रंग आहे ताई, भिंतींकडे बघायलाच नको," तो म्हणाला. मग मी भिंतींकडेच बघत राहिले. हात लावला, वास घेतला. ऐन मार्चात ओल काय कळणार!

त्याची आई, द्वारकाकाकू, प्रत्येक खोलीत माझ्या मागे. "पाळणा कुठं बांधशील गं?" हे दोनदा विचारून झालं होतं. माझ्यावर लक्ष ठेवायला अनुपमनेच त्यांना मागे लावलंय, असं वाटलं. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा मी वैतागून मागच्या खोलीतली खिडकीजवळची भिंत दाखवली. तिथे एक कॅलेंडर होतं, अगदी कमरेइतकं खाली लावलेलं.

"झकास जागा," अनुपम घाईने म्हणाला.

काकूंनी माझ्या कडेवरच्या लेकीचं टोपरं सारखं केलं. मग "माझं कॅलेंडर तेवढं नेते हं," म्हणत ते खिळ्यावरून काढलं. मागे हातभर भिंत बिनरंगाची होती, ओलीने काळी पडून पोपडे सुटलेली.

"आई!"

"रंगाऱ्याला मीच सांगितलं, एवढं सोड बाबा," काकू माझ्याकडे बघत म्हणाल्या. "म्हटलं, कोणी तान्हं घेऊन आलं तर?"