पावडरीची परीक्षा

“सावळी कातडी टणक असते गं, हिला काही होणार नाही,” लग्नानंतरच्या पहिल्याच आठवड्यात सासूबाई नणंदेला म्हणाल्या होत्या. ते वाक्य सुनेच्या कानात अजून ताजं होतं. बाकीचं घर केतकीच्या पानासारखं गोरंपान, फुंकर घातली तरी ओरखडा उठेल इतकं नाजूक! म्हणून कपडे धुवायची नवी पावडर आणली, की ती पाण्यात कालवून आधी सुनेच्या मनगटावर चोळायची, अशी त्या घरची रीत. मग सासूबाई चष्मा लावून मनगट उजेडात धरायच्या. तांबडं दिसलं नाही, की “सौम्य आहे हो!” असा निकाल लागायचा आणि घरभराचे कपडे त्यात भिजायचे.

तरीही घर खाजवायचं थांबेना. आज तर नवरा दाराच्या चौकटीला पाठ घासत उभा होता आणि नणंदेनं कोपरं ओरबाडून काढली होती.

“अजून किती पावडरी बदलायच्या?” सासूबाई मान खाजवत कडाडल्या. “आमच्या अंगाची लाही लाही होते आणि हिचं मनगट बघा, जसंच्या तसं! खरं सांग गं, तुला कधी काही होतं की नाही?”

इतक्या वर्षांत हे तिला पहिल्यांदाच कुणीतरी विचारलं होतं.



“दर वेळी आग होते, आई. तुम्ही तांबडं शोधत होतात, ते सावळ्या हातावर दिसत नाही.”