दोनशे शब्दांची जागा

ऑरेगनच्या डोंगरातल्या आमच्या गावाला वणव्याने वेढलं, तेव्हा अग्निशमन मंडळाचा भोंगा वाजलाच नाही. चौघांचा जीव गेला. त्यात ग्रेटाचा तरुण मुलगा कोल्बी होता. तिने दारोदार फिरून सह्या गोळा केल्या आणि मंडळाच्या निवडून आलेल्या अध्यक्षाला, वेंडेलला, पदावरून हटवायचं की नाही यावर मतदान ठरलं.

इथे मतपत्रिकेवरच अध्यक्षाला आपली बाजू मांडायला दोनशे शब्दांची जागा मिळते.

"लिही ना," वेंडेलची बायको डोरीन म्हणाली. "भोंगा वाजवायच्या कामावर कोल्बीच होता आणि तो न वाजवताच निघून गेला, एवढं एक वाक्य पुरे."

"ग्रेटाला ते माहीत नाही. पोरगा गेलाच, आता त्याचं नावही घालवू?"

"आणि तुझं नाव? दुकानात पोरं तुला बघून भोंग्याचा आवाज काढतात!"

वेंडेलने जागा कोरी ठेवली. गावाने त्याला प्रचंड मतांनी काढून टाकलं.

निकालानंतर ग्रेटा त्याच्या दारात येऊन उभी राहिली. 'आत ये' म्हटलं तरी येईना.

"तू खरं काय ते लिहिशील आणि मग मला बोलावंच लागेल, म्हणून मी वाट बघत होते, वेंडेल," ती म्हणाली.



"त्या दिवशी धूर बघून मी घाबरले आणि 'सगळं सोड, आधी घरी ये' असा फोन कोल्बीला मीच केला होता."