पालथा पाव

एनोरा तळ्यातल्या बुरुजात एकटी राहायची. पाळण्यातच तिला परीने शाप दिला होता: हिच्या वाटचा पाव दुसरं कुणी खाईल, तो पुढची पहाट बघणार नाही. गावची भट्टीवाली तिचा पाव पालथा ठेवायची, चुकूनही कुणी उचलू नये म्हणून. नावाडी रिवाल तो पायरीवर ठेवून जायचा. हल्ली पावाची कड कुरतडलेली असायची. "मेले उंदीर!" ती करवादायची. आज लवकर खाली आली, तर रिवाल कड मोडून तोंडात टाकत होता. "थुंक! जिवावर उदार झालास?" तो सावकाश चावत म्हणाला, "पहिल्या दिवशी झालो होतो. रात्रभर आईला बिलगून रडलो. उजाडलं तशी भूक लागली." "कधीपासून खातोयस?" "नाताळपासून. उंदरांना उगाच शिव्या देतेस." एनोराने पाव सुलटा करून मोडला, मोठा तुकडा त्याला दिला. "भट्टीवालीला सांग, उद्यापासून पाव सरळ ठेव. आणि दोघांपुरता भाज."