पातेल्यावरची रेघ

पिसं काढलेली अख्खी टर्की पूर्ण बुडेपर्यंत विशाखाने पातेल्यात पाणी ओतलं आणि मग टर्की उचलून बाहेर काढली. पाणी खाली उतरलं आणि खिळ्याने ओढलेल्या जुन्या रेघेवर येऊन थांबलं.

"बघ आई. बरोबर बाबांच्या रेघेवर. तेल इथवरच."

"दिसतंय मला," पायरीवर बसलेली कलावती म्हणाली.

स्टुलावर टेकवलेला मोबाइल सगळं टिपत होता. हा व्हिडिओ जितेशला जाणार होता. आखातातल्या कुरुमच्या ज्या हॉटेलात तिच्या बाबांनी, भिकाजीने, बावीस वर्षं किचन सांभाळलं, तिथे जितेश आता नव्या आचाऱ्यांना शिकवायचा : गोठलेली टर्की तापल्या तेलात सोडू नका, भिकाजीसारखे जाल.

विशाखाला ते वाक्य पुसायचं होतं.

"वर्ष झालं. सोड आता," कलावती म्हणाली. "बर्फच होता आत."

"तू सगळ्यांना तसं का सांगितलंस तेच मला कळत नाही. बाबांनी ती टर्की चार दिवस आधी फ्रीजरमधून काढली होती. त्यांच्या अक्षरातली चिठ्ठी फ्रीजवर अजून आहे."

कलावतीने पदराने तोंड पुसलं.

शेजारच्या गुलबानूने कुंपणावरून डोकावलं. "अजून पेटवली नाहीस? यल्ला, आटप! एवढ्या वेळात आमच्याकडे अख्ख्या लग्नाची बिर्याणी होते."

"होऊ दे, चाची. मला घाई नाही."

"नकोच करू," ती हळूच म्हणाली. "झाकण जवळ ठेव गं."

झाकण हाताशी होतं. शेगडी भिंतीपासून दूर, अंगणाच्या मधोमध. विशाखाने पातेलं कोरडं केलं, टर्की आतून-बाहेरून तीनदा पुसली. तेलाचे पाच-पाच लिटरचे तीन कॅन आणले होते, गेल्या वर्षीइतकेच. पहिला ओतला. दुसरा ओतला. तेल रेघेला लागलं.

पातेलं जेमतेम अर्धं दिसत होतं. तिचा हात आपसूक तिसऱ्या कॅनकडे गेला. पुऱ्या असोत की वडे, कढईतलं तेल तिला नेहमी कमीच वाटायचं. तिने टोपण फिरवलं, तोच कलावतीने तिचं मनगट पकडलं. घड्याळाचा पट्टा रुतला.

"रेघेवर थांब."

"अगं हो! केवढ्याने धरतेस!"

विशाखाने टोपण लावलं. मग कॅनकडे बघत तशीच उभी राहिली.

"आई, त्या दिवशी तिन्ही कॅन रिकामे होते. मागून मीच ते कचऱ्यात टाकले."

कलावतीने कॅन उचलून पायरीमागे ठेवला.

"म्हणजे बर्फ नव्हताच. तेल जास्त होतं. टर्की सोडल्याबरोबर उतू जाऊन जाळावर पडलं." तिचा आवाज चढला. "बाबा रेघेच्या वर थेंबभरही ओतणारे नव्हते. ते आत टर्की पुसत असताना कुणीतरी तिसरा कॅन ओतला. तापल्यावर तेल चढतंच, म्हणून त्यांच्या लक्षात आलं नाही. कुणाची तरी चूक, आणि नाव त्यांचं! तेव्हा अंगणात कोण होतं?"

कलावतीने उठून आधी मोबाइल बंद केला.

"कोण होतं, आई?"

"ॲम्ब्युलन्समध्ये ते शुद्धीवर होते," कलावती म्हणाली. "एवढंच बोलले. सगळ्यांना सांग, बर्फ होता. पोरीला तिसरा कॅन आठवू देऊ नकोस."